जेवढं दिसलं, तेवढंच लिहा!

भेटेल त्याला मी सध्या एकच गोष्ट सांगते आहे. नाशिकहून चाळीसेक किलोमीटरवर, निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा जिथे एकमेकींना भेटतात तिथे नांदूर मधमेश्वर आहे, तिथे जा. आणि शक्यतो पक्षिमित्रांबरोबर जा! पक्षी सप्ताहातल्या रविवारी मी गेले, आणि एका दिवसात इतकं पाहिलं, इतकं ऐकलं की काय आधी सांगू आणि काय नंतर, असं झालं आहे.

पक्षी सप्ताह म्हणजे 5 ते 12 नोव्हेंबर. 5 नोव्हेंबर हा निसर्गलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, 12 नोव्हेंबर हा पक्षितज्ज्ञ डॉ. सालीम अलींचा. हा आठवडा महाराष्ट्र सरकारने 2020 पासून पक्ष्यांच्या नावे केला आहे. सकाळी निरीक्षण, दुपारी व्याख्यानं आणि गप्पा, मुलांसाठी चित्रं, असे मेळावे या दिवसांत राज्यभर होतात. आमच्या भागातल्या एका छोट्या मंडळाने असाच मेळावा ठेवला होता. निवृत्त शिक्षक, द्राक्षबागायतदार, कॉलेजातली मुलं, एक डॉक्टर दांपत्य, आईचा हात घट्ट धरून आलेली चौथीतली एक मुलगी. सकाळी यातलं कुणीही माझ्या ओळखीचं नव्हतं. दुपारी जेवताना आम्ही एकमेकांच्या डब्यातलं खात होतो.

उजाडायच्या बेताला आम्ही निरीक्षण मनोऱ्यावर पोचलो. निफाडचा गारठा अंगात शिरत होता. धुक्यामुळे पाणी दिसत नव्हतं, पण ऐकू मात्र येत होतं! शिट्ट्या, घोगरे आवाज, पंखांची फडफड, मध्येच टिटवीचा आरडाओरडा. आणि मग धुकं वर चढलं. समोर जिथवर नजर जाईल तिथवर पक्षी. वारकऱ्यांचे काळे थवे, चिखलात चोच खुपसणाऱ्या शराट्या, लांब गुलाबी पायांचे शेकाटे, थापट्या, तलवार बदकं. गावातल्या तरुण गाईडने स्पॉटिंग स्कोप एका जागी रोखला आणि म्हणाला, "ताई, बघा." काचेत एक जांभळी पाणकोंबडी उभी होती. उन्हाची तिरीप पडली आणि तिच्या अंगावर निळा, जांभळा, हिरवा रंग एकाच वेळी झळकले, येवल्याच्या पैठणीसारखे. हा पक्षी आपल्या गावच्या तळ्यातही असतो, असं तो अगदी सहज म्हणाला. आपल्या गावच्या तळ्यात! आणि मी इतकी वर्षं त्या तळ्यावरून जाते आहे!

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "कैकर, कैकर!" एक मोठा शिकारी पक्षी पाण्यावर जागच्या जागी पंख मारत थांबला, पाय पुढे करून धाडकन खाली आला आणि मासा घेऊन उठला. गाईड भराभर सांगत होता: याच्या तळव्यांना बारीक काट्यांसारखे खवले असतात, त्यामुळे बुळबुळीत मासा निसटत नाही, बाहेरचं बोट हवं तर मागे वळतं, मग दोन बोटं पुढे आणि दोन मागे अशी पकड बसते, आणि मासा नेताना तो त्याचं तोंड पुढे करून धरतो, म्हणजे वाऱ्याचा अडथळा कमी. मी दुर्बीण रोखली. खरंच, माशाचं तोंड पुढे होतं. ऐकलेली गोष्ट पुढच्याच क्षणी स्वतःच्या डोळ्यांनी खरी झालेली पाहणं, काय आनंद असतो तो!

ही जागा घडली कशी, हेही तिथेच कळलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिशांनी इथे सिंचनासाठी बंधारा बांधला. वर्षानुवर्षं गाळ साचत गेला. गाळाची बेटं झाली, पाणी उथळ राहिलं, पाणवनस्पती माजल्या, आणि बदकांना, बगळ्यांना, चिखलपक्ष्यांना हवं असलेलं सगळं एका ठिकाणी मिळालं. सालीम अलींनी या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं. जानेवारी 2020 मध्ये ती महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाली. समोर पोहणारी भुवई बदकं युरोप-आशियाच्या उत्तर भागातून आली होती. थंडी वाढली की पट्टकादंब येतील, असं सगळे वाट पाहत असल्यासारखं सांगत होते. हे हंस मंगोलिया-तिबेटकडे वीण करतात आणि हिमालय ओलांडून भारतात येतात. सात हजार मीटरहून अधिक उंचीवरून उडताना त्यांची नोंद झाली आहे. त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू ओढून घेतं. असे पाहुणे निफाडच्या शेतांत उतरतात!

पण दिवसाचा खरा धडा मनोऱ्यावरून उतरल्यावर मिळाला. शाळेच्या ओसरीवर पोहे झाले आणि मंडळाच्या ज्येष्ठ सरांनी वही उघडली. सगळे गोल बसले. सर एकेक नाव वाचू लागले.

"थापट्या?"

"आहे, सर!"

"किती?"

कुणी म्हणे साठ, कुणी म्हणे ऐंशी. ज्याने गट पाडून नीट मोजले होते त्याचा आकडा वहीत गेला. नावामागून नाव, आकड्यामागून आकडा. मग कॉलेजातला एक मुलगा उत्साहाने म्हणाला, "सर, पलीकडच्या काठावर क्रौंच होता."

"ओळख पटली?"

"लांब होता, पण क्रौंचच असावा."

"बाळा, या वहीत 'असावा'चा रकाना नाही. जेवढं दिसलं, तेवढंच लिहायचं."

एवढा काटेकोरपणा कशासाठी, याचं उत्तर पुढच्या व्याख्यानात मिळालं, आणि ते ऐकताना मी अक्षरशः सरसावून बसले. विषय होता रानपिंगळा. या छोट्या घुबडाची शास्त्रीय नोंद 1873 ची. 1884 मध्ये खानदेशात त्याचा शेवटचा नमुना गोळा झाला आणि मग तो दिसेनासा झाला. पुढे रिचर्ड माइनर्ट्झहॅगन या ब्रिटिश संग्राहकाने आपल्याला तो 1914 मध्ये गुजरातेत मिळाल्याची नोंद केली. लोक त्या भागात शोधत राहिले, हाती काही लागेना. पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षितज्ज्ञ बाईंनी संग्रहालयातला तो नमुना बारकाईने तपासला. तो चोरलेला निघाला! एकोणिसाव्या शतकातला जुनाच नमुना, त्यावर खोटी चिठ्ठी. मग बाईंनी खोटी नोंद बाजूला सारली, खऱ्या जुन्या नोंदींवर विश्वास ठेवला आणि नोव्हेंबर 1997 मध्ये सहकाऱ्यांसह आपल्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पोचल्या. तिथे भर सकाळी, झाडावर, रानपिंगळा बसलेला होता. 113 वर्षांनी! एका खोट्या ओळीने जगाला भलत्या वाटेला लावलं, आणि जुन्या खऱ्या नोंदींनी पक्षी परत मिळवून दिला. सरांच्या वहीकडे मी नव्या नजरेने पाहिलं.

गिधाडांची गोष्टही नोंदींचीच. राजस्थानातल्या भरतपूरला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे विभू प्रकाश यांनी 1980 च्या दशकात गिधाडं मोजली होती. पुढच्या दशकात पुन्हा मोजली तेव्हा ती झपाट्याने घटलेली दिसली. पहिला आकडा नसता तर दुसऱ्याचा अर्थ कुणाला कळला असता? पुढे कारण सापडलं: गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या पंधरा वर्षांत 99 टक्क्यांहून जास्त घटली. 2006 मध्ये भारताने या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आणली. मेलॉक्सिकॅमसारखं सुरक्षित औषध उपलब्ध आहे. हे ऐकताच मागे बसलेल्या एका शेतकरी काकांनी ते नाव दोनदा विचारून हातावर लिहून घेतलं. नाशिक जिल्ह्यातच, हरसूलजवळच्या खोरीपाड्यात, गावकरी आणि वनखात्याने मिळून गिधाडांसाठी मेलेली जनावरं ठेवायची जागा केली आहे, हेही मला तिथेच समजलं.

आणि सामान्य माणसाच्या वहीचं मोल किती? 2023 चा भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल तीस हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा आहे. त्यात 942 प्रजातींचा आढावा आहे. ज्या 338 प्रजातींचा दीर्घकालीन कल सांगता आला, त्यातल्या 60 टक्के घटल्या आहेत. 178 प्रजातींच्या संवर्धनाला तातडीचं प्राधान्य द्यायला हवं, असं हा अहवाल सांगतो. या नोंदी करणाऱ्यांमध्ये शिक्षक आहेत, गृहिणी आहेत, विद्यार्थी आहेत. म्हणजे आपण आहोत!

शेवटी मुलांचा तास झाला. येवल्याच्या पतंगांचं कौतुक आपल्या जिल्ह्याला आहेच. पण नायलॉनच्या मांजाने पंख कापलेल्या बगळ्याचं छायाचित्र पडद्यावर आलं आणि ओसरी गप्प झाली. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये या मांजावर देशभर बंदी घातली आहे. संक्रांतीला साधा सुती दोराच वापरायचा, असं मुलांनी हात वर करून कबूल केलं. ती चौथीतली मुलगी तर उठून म्हणाली, "आमच्या गल्लीत मी सगळ्यांना सांगणार." मला खात्री आहे, ती सांगेल.

तेव्हा वाचकहो, हे वाचून नुसतं छान म्हणू नका. जवळचं पक्षिमित्र मंडळ शोधा. बहुतेक जिल्ह्यांत एखादं तरी असतंच. नव्या माणसाच्या हातात ते आनंदाने दुर्बीण देतात. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, फेब्रुवारीत चार दिवस घरच्या अंगणातले पक्षी मोजण्याचा जागतिक उपक्रम असतो. त्यात एका वेळी पंधरा मिनिटं दिली तरी चालतात. मोबाइलवर नोंदी करायला ई-बर्ड हे ॲप फुकट मिळतं. नाव ओळखायला मर्लिन हे ॲप मदत करतं. तेही नको असेल तर एक वही घ्या, तारीख घाला, जागा लिहा, आणि खिडकीतून दिसणाऱ्या चिमण्या मोजून पहिली ओळ लिहा. मात्र जेवढं दिसलं, तेवढंच!