पाणक्या

सिलतऱ्यास नोकरीनिमित्त राहणाऱ्या मनुष्याने सायकलीविषयी लिहावे यात नवल नाही. रायपूर-बिलासपूर रस्त्यावरील या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटली की लोखंडाच्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या कित्येकांच्या हाती अजून सायकलच असते. परंतु आज आम्ही लिहिणार आहोत ते निराळ्या सायकलींविषयी. त्यांतील एकीची किंमत आमच्या कित्येक महिन्यांच्या वेतनाइतकी भरेल, आणि त्यांना रोज सायंकाळी न्हाऊमाखू घालावे लागते.

जानेवारी 2026 मध्ये आम्ही अर्जित रजेवर पुण्यास गेलो होतो. त्याच वेळी, 19 ते 23 या तारखांस, पुणे जिल्ह्यात 'पुणे ग्रँड टूर' ही आंतरराष्ट्रीय सायकलशर्यत झाली. आरंभी घड्याळाशी एक लहानशी झुंज, मग चार दिवस चार टप्पे. एकूण अंतर सव्वाचारशे किलोमीटरांहून अधिक. सारे शहर रस्त्याच्या कडेस लोटले होते. आमच्या मेहुण्यांच्या एका स्नेह्याकडे संघांचे सामान हलविण्याचे काम होते. त्याच्या कृपेने आम्हांस रस्त्याऐवजी एका हॉटेलाच्या मागील अंगणात उभे राहावयास मिळाले. मागील दरवाजाची ओढ आम्हां कारकुनांस जात्याच अधिक!

दिवसाचा टप्पा संपला होता. स्वार वर खोल्यांत मालिश करून घेत होते आणि खाली एक परदेशी मिस्त्री गुडघाभर बूट चढवून सायकली धूत होता. प्रथम साखळीचे वंगण उतरवावयाचे, मग साबण, मग पाणी, मग कापडाने कोरडे करणे. त्यानंतर प्रत्येक चाक फिरवून, टायरावर बोट फिरवून खडा किंवा चीर शोधावयाची. हे सर्व तो इतक्या शांतपणे करीत होता, की आम्हांस गोठ्यातील बैल धुणाऱ्या गड्याची आठवण झाली. शेजारी एक बाई रांगेने बाटल्या मांडून उद्याचे पाणी भरीत होती, आणि दुसरा एक इसम शिजविलेला भात थापून, त्याच्या वड्या पाडून, एकेक वडी चकचकीत कागदात गुंडाळीत होता. तांदळाच्या मुलखात नोकरी करणाऱ्या आम्हांस ही भाताची शिदोरी पाहून आपलेपणा वाटला. जगातील मोठमोठे स्वार धावत्या सायकलीवर हेच खातात, असे कळले.

तथापि पाणक्ये केवळ अंगणातच नसतात. ते स्वारांतही असतात. पुष्कळांस वाटते की शर्यतीत प्रत्येक जण आपल्यासाठी धावतो. वस्तुस्थिती तशी नाही. संघाचा नायक एक. इतरांनी त्याच्यापुढे राहून वाऱ्याला छाती द्यावयाची. पुढील माणसाच्या आडोशाने जाणाऱ्याचे श्रम बरेच वाचतात, आणि हे वाचविलेले श्रम नायकाने शेवटच्या चढावर खर्चावयाचे. तहान लागली की एकाने मागे राहून संघाच्या मोटारीपाशी जावयाचे, सदऱ्यात पाठीपोटाशी बाटल्या कोंबावयाच्या आणि पुन्हा जीव तोडून घोळका गाठून त्या वाटावयाच्या. फ्रेंच भाषेत या स्वारास घरगड्याचेच नाव आहे. नाथांच्या घरी कावडीने पाणी वाहणारा श्रीखंड्या निदान देव होता. या बिचाऱ्यास पाणी वाहून झाल्यावर स्वतःही ठराविक मुदतीत टप्पा पुरा करावा लागतो. मुदत टळली की दुसऱ्या दिवशी हजेरीपटावर नाव नाही!

बक्षिसाची रक्कम मात्र संघात वाटून घेण्याचा रिवाज आहे, मिस्त्री-मालिशवाल्यांसुद्धा. आमच्या टिपणावर वरिष्ठांची सही होऊन ते वर गेले की आमच्या वाट्यास काय येते, हे वाचकांस ठाऊकच आहे.

एके काळी साहाय्य घेणे हाच गुन्हा होता. 1913 च्या फ्रान्सच्या शर्यतीत यूजेन क्रिस्तोफ याच्या सायकलीचा पुढील चिमटा पर्वतावर मोडला. सायकल खांद्यावर घेऊन तो मैलोगणती चालत एका खेड्यातील लोहाराच्या भट्टीवर पोहोचला आणि स्वतःच्या हाताने त्याने लोखंड जोडले. परंतु भाता एका पोराने ओढला, म्हणून पंचांनी त्यास दंड केला! येथील भट्ट्यांचा धूर पाहताना त्या भाता ओढणाऱ्या पोराचे नाव कोणी टिपून ठेवले असेल काय, असा विचार आमच्या मनात येतो.

इथवर लिहून, सेवेतच धन्यता आहे असा अभिप्राय देऊन थांबणे सोपे होते. पण रने व्हिएतो आडवा येतो. 1934 साली, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याने पर्वतउतारावर आपले चाक काढून नायक आंतोनँ मान्य यास दिले आणि मदतीच्या गाडीची वाट पाहत तो रस्त्याकडेच्या कठड्यावर बसला. त्याचे ते छायाचित्र जगभर गेले. त्यात तो रडतो आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा नायकाची सायकल बिघडली. पुढे गेलेला व्हिएतो उलट चढून मागे आला आणि पुन्हा त्याने आपली सायकल देऊ केली. मान्य जिंकला. व्हिएतो पाचवा.

लोक त्याच्या त्यागाचे गोडवे गातात. आम्हांस मात्र ते अश्रू महत्त्वाचे वाटतात. त्याला स्वतः जिंकावयाचे होते. 1947 साली तो खरोखरच नायक झाला, बरेच दिवस अग्रणीचा पिवळा सदरा त्याच्या अंगावर होता. आणि शर्यत संपत आली असता 139 किलोमीटरांच्या एकट्याने धावावयाच्या टप्प्यात तो हरला. पुन्हा पाचवाच. त्या वेळी त्याचे वय तेहेतीस होते.

आमचेही तेवढेच आहे. खात्यांतर्गत परीक्षेचा अर्ज गेली तीन वर्षे आम्ही इतरांचे तपासून, तारखा दुरुस्त करून, पुढे पाठवीत आलो. घरी आणि कचेरीत आमची ख्याती अशी, की यांना बढतीची हावच नाही. या वर्षी एक कोरा नमुना आम्ही आपल्यासाठी काढून घेतला. मुख्य लिपिकांनी चष्म्यावरून पाहिले आणि विचारले, "कोणासाठी?"

आम्ही नाव सांगितले. त्यांनी ते वहीत लिहून घेतले.