गाठीची तार

नेदरलँड्समधल्या उट्रेख्तला भाचीकडे जाऊन चार दिवस झाले होते. नोव्हेंबरातली ओली, राखाडी सकाळ. ती दारातूनच म्हणाली, "मावशी, चहा घे पटकन. खालच्या आजोबांकडे पियानो जुळवणारा आलाय. मी विचारून ठेवलंय, चल."

खालच्या मजल्यावरचे आजोबा ऐंशीच्या पुढचे, एकटेच राहणारे. त्यांच्या बैठकीच्या खोलीत भिंतीला पाठ लावून उभा होता तो पियानोला. आपला आपण वाजणारा पियानो, असं भाचीनं आदल्या रात्री सांगितलं होतं, आणि माझ्या डोळ्यांपुढे किल्लीवरचं एखादं मोठं खेळणं आलं होतं.

त्याचं पोट उघडून ठेवलेलं होतं. एरवी जिथे स्वरलिपीची वही टेकवतात त्या जागी एक कोनाडा, आणि त्यात छिद्रं पाडलेल्या कागदाची गुंडाळी. सव्वाअकरा इंच रुंदीचा तो कागद पितळेच्या एका पट्टीवरून हळूहळू सरकतो. पितळेला ओळीनं ८८ भोकं, इंचाला नऊ, पियानोच्या दर सुराला एक. कागदातलं छिद्र पितळेच्या भोकावर आलं की तिथून हवा आत शिरते, नळीतून धावत जाऊन कातड्याची नखाएवढी गादी उचलते, झडप उघडते आणि त्या सुराचा छोटासा भाता चटकन मिटतो. मिटता मिटता तो पियानोचा हातोडा तारेवर फेकतो. ८८ सुरांचे ८८ भाते. हे सगळं चालवणारी हवेची ओढ तळाशी असलेल्या मोठ्या भात्यांतून येते, आणि ते भाते चालतात पायांनी. आजोबांच्या चामडी चपलांनी दोन्ही पावड्या झिजून गुळगुळीत झाल्या होत्या.

मी वाकून बघत होते आणि मला आजोळची पायपेटी दिसत होती. नातं खरंच तसं आहे. आपली हातपेटी वारा सुरांवर ढकलते. अमेरिकन घडणीचा ऑर्गन भात्यानं हवा आत ओढून घेतो. संगीत नाटकाच्या पदामागे सारंगी-तबल्याच्या बरोबरीनं भरत जाणारा तो ऑर्गनचा सूर ज्यांनी ऐकलाय त्यांना ही ओढ कानानं ठाऊक आहे. पियानोला जन्मला तोही ऑर्गनवाल्यांच्याच घरात. एडविन वोटी हा डेट्रॉइटचा ऑर्गन बनवणारा. त्यानं १८९५ साली पहिला पियानोला तयार केला, तेव्हा ते एक वेगळं कपाटच होतं. ते नेहमीच्या पियानोसमोर ढकलून ठेवायचं, आणि त्याची फेल्ट लावलेली लाकडी बोटं पट्ट्या दाबायची. यंत्र पियानोच्या पोटात शिरलं ते नंतर. १९०८ साली अमेरिकेतल्या कारखानदारांनी बफेलोला जमून ८८ सुरांच्या गुंडाळीचं माप ठरवून टाकलं, म्हणून शंभर वर्षांपूर्वीची कुणाचीही गुंडाळी आजोबांच्या पियानोल्यात बसत होती.

जुळवणारा गृहस्थ साठीचा असेल. यंत्राकडे त्याचं लक्षच नव्हतं. ते त्याच्या आड येत होतं. गुंडाळीचा कोनाडा नेमका खुंट्यांच्या तोंडापुढे, त्यामुळे त्याला हात तिरका घालून एकेक खुंटी चाचपावी लागत होती. पियानोत सुमारे २३० तारा असतात. मधल्या आणि वरच्या सुरांना तीन-तीन, त्याखालच्यांना दोन-दोन आणि अगदी खर्जात एकेक; खर्जाच्या तारा तांब्याचा वेढा दिलेल्या. सगळ्यांचा ताण एकत्र केला तर १८ ते २० टन भरतो. तो पेलायला आत ओतीव लोखंडाची चौकट असते. आणि एवढा ताण धरून ठेवणारी प्रत्येक खुंटी लाकडात नुसती घट्ट रुतलेली असते. चापबिप काही नाही. लाकडाची मिठी, बस्स. आपल्या तंबोऱ्याच्या खुंटीसारखीच.

त्यानं तारांच्या मधून फेल्टची लांब पट्टी ओवली, म्हणजे तीन तारांतली एकच बोलेल. नादकाटा वाजवून ४४० चा सूर घेतला, एक तार त्याला मिळवली, आणि मग त्या एका सुरावरून बाकीचे सूर बांधत निघाला. तो सूर ऐकत नव्हता, सुरांमधला हेलकावा ऐकत होता. एक तार सेकंदाला ४४० वेळा आणि शेजारची ४४१ वेळा हलली, तर दोघींच्या मधून दर सेकंदाला एक लाट येते. खुंटी केसभर फिरवली की लाट लांबते, संथ होते, आणि एका क्षणी पाणी निवतं. तंबोऱ्याचा मणी सरकवताना हीच लाट आपण शोधत असतो.

पण आपण ती पूर्ण निववतो, आणि इथे तो काही ठिकाणी मुद्दाम शिल्लक ठेवत होता. बारा सुरांना सारखं अंतर वाटून द्यायचं तर पंचम किंचित उतरवावा लागतो आणि गांधार बराच चढतो. त्यानं षड्ज-गांधाराची जोडी वाजवली तेव्हा माझ्या मानेवर काटा आला. मिरजेच्या तंबोऱ्यातून आपसूक उमटणारा गांधार ऐकत जो कान वाढला, त्याला हा चढा गांधार खुपतोच. पेटीचाही तसाच खुपतो. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी श्रुतींची पेटी घडवण्याचा ध्यास घेतला तो याच दुखण्यापायी. भाचीनं माझं म्हणणं डच भाषेत त्या गृहस्थाला सांगितलं. तो थांबला, तीच जोडी पुन्हा वाजवली, लाट मोजल्यासारखं बोट हवेत हलवलं आणि म्हणाला, "हो, हा सगळ्यांनी मिळून सोसायचा गांधार आहे." भाचीनं केलेलं हे भाषांतर मी वहीत लिहून ठेवलंय.

सकाळभराचं खरं काम मात्र एका तारेचं होतं. खर्जातल्या एका सुराच्या दोन तारांपैकी एक तुटली होती. वर खुंटीजवळ, जिथे तांब्याचा वेढा संपून नुसतं पोलाद उरतं, तिथे. नवी तार मागवता आली असती. पण तांब्याची तार त्या एका सुरासाठी, त्या एका लांबीसाठी वळलेली असते, आणि नवीचा आवाज शेजारच्या जुन्या बहिणीशी कितीतरी दिवस फटकून राहतो. म्हणून त्यानं गाठ मारायचं ठरवलं.

मी इतक्या जवळून बघत होते की त्याला माझा श्वास ऐकू येत असावा. त्यानं तुटक्या टोकाला पकडीनं आकडी वळवली. त्याच जाडीच्या पोलादी तारेचा वीतभर तुकडा घेतला, त्याच्याही टोकाला तसाच वेढा दिला. एकीची आकडी दुसरीच्या वेढ्यातून ओवली आणि दोन्ही पकडींनी ओढलं. कर्रर्र असा बारीक आवाज झाला. गाठ वाटाण्याएवढीही नव्हती. उरलेली शेपटं छाटली. नव्या तुकड्याचं टोक खुंटीच्या भोकात घालून तीन वेढे दिले, आणि किल्ली लावून ताण चढवायला लागला. थोडा चढवायचा, थांबायचं, गाठीकडे बघायचं. पुन्हा थोडा. सूर गुरगुरत वर आला. ताणाखाली गाठ आणखी आवळते, आवळली की तार उतरते, म्हणून तो पुन्हा चढवायचा. शेवटी दोन्ही तारा एकत्र वाजवल्या. लाट निवाली. त्यानं हात मागे घेतला आणि आजोबांना काहीतरी सांगितलं. भाची कुजबुजली, "संध्याकाळपर्यंत उतरेल म्हणतोय. आठवड्यानं परत येतो."

मी विचारलं, भात्यांचं काम कोण करतं? तेही तोच. रबर चढवलेलं सुती कापड काही दशकांनी कडक होतं, चिरतं, हवा गळते आणि सूर मुके होतात. मग ८८ च्या ८८ भाते उतरवून, जुनं कापड सोलून, नवं चिकटवायचं. कशानं? त्यानं पिशवीतून एक बरणी काढून दाखवली. पिवळसर दाणे. सरस! जनावरांच्या कातड्याचा, पाण्यात भिजवून, मग गरम करून लावायचा तो आपला सरस. पुढे कधीतरी कुणालातरी हा भाता पुन्हा उघडावा लागणार; सरस ऊब आणि ओल लागली की सुटतो, लाकूड शाबूत राहतं. तयार पांढरा गोंद सुटत नाही, लाकूड घेऊन येतो.

हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. आजोबांच्या, म्हणजे माझ्या आईच्या वडिलांच्या, पायपेटीचा भाता एका पावसाळ्यात फाटला होता. एकानं दोन दिवसांत तो चिकटवून दिला, पक्का, आयुष्यभराचा म्हणून. बारा वर्षांनी पुन्हा उघडायची वेळ आली तेव्हा सागाच्या पातळ फळ्या उभ्या चिरल्या गेल्या. ती पायपेटी परत बोलली नाही. मला तिच्या सुरांपेक्षाही तो लाकूड फाटल्याचा आवाज जास्त लख्ख आठवतो, आणि त्या माणसावरचा माझा राग अजून गेलेला नाही. आपल्यानंतर कुणीतरी हे उघडणार आहे, एवढंही ज्याच्या मनात येत नाही त्यानं वाद्याला हात लावू नये.

दुसऱ्या दिवशी गावातल्या जुन्या चर्चमध्ये असलेलं स्वयंवाद्यांचं संग्रहालय पाहिलं. तिथे लाइपझिगच्या हुपफेल्ड कारखान्याचं ते प्रसिद्ध यंत्र आहे: खाली पियानो, वर काचेच्या दाराआड उभी टांगलेली तीन व्हायोलिनं, आणि त्यांच्याभोवती घोड्याच्या शेपटीचे हजाराहून जास्त केस लावलेला, गरगर फिरणारा गोल गज. सूर आला की व्हायोलिन पुढे झुकून गजाला टेकतं, आणि एकाची एकच तार बोलते. किती बुद्धी ओतलीय माणसांनी त्यात! आणि त्या तीन व्हायोलिनांच्या तारा जुळवायला मात्र कुणीतरी काचेचं दार उघडून कान लावतं.

याहून मोठी गोष्ट मला संगीतकार माहलरची वाटते. फ्रायबुर्गच्या वेल्टे कारखान्यानं १९०४ मध्ये असा पियानो आणला की वाजवणाऱ्याचे नुसते सूर नव्हे, बोटांचा जोर आणि पायांची पेडलंही गुंडाळीवर उतरत. ९ नोव्हेंबर १९०५ रोजी लाइपझिगला गुस्ताव माहलर त्यापुढे बसला आणि स्वतःच्या चार रचना वाजवून गेला. त्याच्या वादनाची एवढीच खूण जगात उरली आहे. छिद्रांचा कागद. तिच्यात त्याची घाई आहे, त्याचं रेंगाळणं आहे, तारांचा नाद नाही. नाद कागदावर येतच नाही. माहलर ऐकायचा तर आजच्या एखाद्या माणसाला आदल्या दिवशी येऊन, आजच्या तारांवर, आपल्या कानानं पियानो जुळवून ठेवावा लागतो. त्या माणसाचं नाव कार्यक्रमपत्रिकेत सहसा नसतं. असायला हवं.

संग्रहालयातून परतल्यावर संध्याकाळी खालच्या आजोबांनी आम्हाला वाजवून दाखवायला बोलावलं. त्यांच्या पियानोल्याच्या कागदावर जोर-बिर काही नोंदलेला नव्हता, नुसते सूर. लहानमोठं करायचं ते पायांनी. ते सावकाश बसले, पाय पावड्यांवर ठेवले, आणि कागद सरकू लागला. पट्ट्या आपोआप खाली जात होत्या, आणि त्या माणसाचा सगळा जीव घोट्यांत उतरला होता. एक पाय दाबून धरायचा, दुसरा नुसता टेकवायचा. कुठे जोरात एक ढकल, की खर्ज घुमून जायचा.

गाठीची तार उतरली होती. तिचा सूर पहिल्यांदा आला तेव्हा दोघी बहिणींच्या मधून संथ लाट उठली, आणि आजोबांनी भुवई उंचावून माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर कागदावर त्या भोकाची वेळ आली की त्यांचे पाय आधीच हलके होत. तो सूर अलगद येई, जाई, आणि मग पुन्हा ते भार टाकत.