मोतीबागेतील परका प्रेक्षक

बडोद्याचे नाव काढले की बहुतेकांना सयाजीराव महाराज आठवतात, कोणाला लक्ष्मीविलास राजवाडा, तर कोणाला तेथील चिवडा. मला मात्र आठवते मोतीबागेचे क्रिकेटचे मैदान. आणि तेही तेथे आमचा संघ जिंकावा म्हणून गेलेल्या माणसाच्या नात्याने. वाचकहो, मी अहिल्यानगर जिल्ह्यातला, म्हणजे क्रिकेटच्या हिशेबात महाराष्ट्र संघाचा. बडोदा हा आमचा शेजारी आणि म्हणूनच प्रतिस्पर्धी. परंतु प्रतिस्पर्ध्याच्या एखाद्या अंगणावर आपला जीव जडावा, असेही घडते.

सुमारे पंचवीस वर्षे झाली. मी तेव्हा पुण्यात शिकत होतो. नाताळच्या सुटीनंतरचे चार दिवस हाताशी होते आणि रणजी करंडकात महाराष्ट्राची गाठ बडोद्याशी बडोद्यातच पडणार होती. एका मित्रासह अहिंसा एक्सप्रेसच्या साध्या डब्यात बसून निघालो. रात्रभर उभ्याउभ्याच डुलक्या घेतल्या. स्टेशनाबाहेर पडताच गरम सेव-उसळीचा द्रोण हाती आला. आपल्या उसळीनेच गुजराती पेहराव केल्यासारखी ती चव होती. बडोद्याची ही अर्धी ओळख मला मैदान पाहण्यापूर्वीच झाली, असे आता वाटते.

मोतीबाग हे राजवाड्याच्याच विस्तीर्ण आवारातील क्रीडांगण. मुंबईच्या वानखेडेवर सिमेंटचे कडे आपल्याला चहूकडून वेढते; येथे प्रेक्षकाला वेढतात ती झाडे. वाटेने जाताना त्या झाडांतून राजवाड्याचा उंच मनोरा दिसतो. १८९० मध्ये पूर्ण झालेला हा राजवाडा ज्यांनी उभारला, ते सयाजीराव मूळचे मालेगावाजवळील कवळाणे गावचे. १८७५ मध्ये ते दत्तक म्हणून बडोद्यास आले, हे शाळेत शिकलो होतो. पण त्याचा क्रिकेटशी काही संबंध असेल, असे तोवर कधी मनात आले नव्हते.

प्रेक्षक थोडेच होते. रणजी सामन्यास गर्दी असते कुठे! थंडीचे दिवस असूनही अकराच्या सुमारास ऊन डोक्यावर आले. शेजारी एक वृद्ध गृहस्थ बसले होते; डोक्यावर वृत्तपत्राची टोपी. माझे बोडके डोके पाहून त्यांनी आपल्या गुजराती वर्तमानपत्राची उरलेली पाने मुकाट्याने माझ्यापुढे केली. बडोद्याचा एक गडी बाद झाला आणि मी त्या टोपीसकट उडी मारून ओरडलो. सारी रांग माझ्याकडे पाहू लागली. आजोबा हसले आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, "आपण पलीकडचे वाटतं!"

त्यांचे घराणे चार पिढ्या दांडिया बाजारात राहिलेले. बोलण्यात मधूनच गुजराती शब्द येई, परंतु मराठी असे की पुण्याच्या माणसाने ऐकत राहावे. गप्पा रंगल्या आणि माझ्या मनातील सल बाहेर पडला. आमच्या श्रीरामपूरचा झहीर खान तेव्हा बडोद्याकडून खेळत असे. २००१ साली बडोद्याने रेल्वे संघाला अंतिम सामन्यात २१ धावांनी हरवून करंडक पटकावला, त्यातही झहीरच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. त्या दिवशी तो मैदानावर नव्हता, भारतीय संघाबरोबर होता. तरी माझा राग जागा होता. मी म्हणालो, "आजोबा, पोरगा आमचा आणि करंडक तुमचा, हा कुठला न्याय?"

ते जराही रागावले नाहीत. उलट त्यांनी विचारले, "आणि विजय हजारे कोणाचे?"

हजारे सांगलीचे, मराठी ख्रिस्ती कुटुंबातले, म्हणून आमच्या घरी त्यांचे नाव आधीपासूनच आपलेपणाने घेतले जाई. १९४३ च्या पंचरंगी सामन्यात हिंदू संघाविरुद्ध त्यांनी ३८७ पैकी एकट्याने ३०९ धावा काढल्या, हे वडिलांकडून अनेकदा ऐकले होते. भाऊ विवेक यांच्यासह झालेल्या ३०० धावांच्या भागीदारीत भावाचा वाटा अवघा २१ धावांचा! (तरी सामना डावाने गेला, हे वडील हळूच सांगत.) परंतु आजोबांनी जे सांगितले, ते मला ठाऊक नव्हते. १९३९-४० च्या मोसमात हजारे महाराष्ट्राकडून खेळत असत. त्यांनी पुण्यात नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी करंडकातील ते पहिले त्रिशतक. आणि समोर गोलंदाजी कोणाची? बडोद्याची! त्यानंतर थोड्याच काळात ते बडोद्यास आले आणि कायमचे बडोद्याचे झाले. १९४७ च्या अंतिम सामन्यात याच शहरात होळकर संघाविरुद्ध त्यांनी आणि गुल महंमद यांनी ५७७ धावांची भागीदारी केली. हजारे २८८, गुल महंमद ३१९. एवढी भागीदारी जगात कोणी केली नव्हती. पुढे २००६ मध्ये संगकारा आणि जयवर्धने यांनी ६२४ धावांची भागी रचली, तेव्हा कुठे तो विक्रम मोडला.

"ज्यानं आम्हांला त्रिशतकाचा मार दिला, त्याला आम्ही घरात घेतलं," आजोबा म्हणाले, "तुमच्या झहीरनं तर आम्हांला काहीच मारलं नव्हतं. अहो, आमचे महाराजसुद्धा तुमच्या कवळाण्याचे!"

मला उत्तर सुचले नाही. खरे सांगायचे तर आजही सुचलेले नाही. त्यांचा डबा उघडला गेला. थेपले आणि मिरचीचे लोणचे. जेवताजेवता त्यांनी १९८८ चा न्यूझीलंडविरुद्धचा एकदिवसीय सामना वर्णन केला. अझरुद्दीनने याच मैदानावर ६२ चेंडूंत शतक झळकावले, त्या काळी जगातील सर्वांत जलद. ते सांगताना त्यांचा हात हवेत मनगटातून असा काही वळला की थेपल्याचा तुकडा गवतात पडला.

निरोप घेताना मी त्यांचे नाव विचारले नाही. ही चूक मला पुढे फार जाचली. हजारे १८ डिसेंबर २००४ रोजी बडोद्यातच निवर्तले. ती बातमी वाचून पत्र लिहावेसे वाटले. पण लिहिणार कोणाला?

त्यानंतर दोनदा मोतीबागेत जाण्याचा योग आला. दरम्यान झहीर २००६ मध्ये मुंबईकडे गेला. बडोद्याने तेव्हा काय म्हटले असेल, याची मी कल्पना करू शकतो. आता शहराबाहेर कोटंबीला नवे भव्य स्टेडियम झाले आहे. २०२४ च्या डिसेंबरात भारताच्या महिला संघाने वेस्ट इंडीजविरुद्धचे एकदिवसीय सामने तेथेच खेळले. ते स्टेडियम उत्तम असेल. परंतु दांडिया बाजारातून एखादे आजोबा डबा घेऊन चालत तेथे पोहोचणार नाहीत, एवढे मात्र खरे.

शेवटच्या खेपेस त्याच बाजूस जाऊन बसलो. पुरवणीसकट दोन वर्तमानपत्रे मुद्दाम बरोबर नेली होती. आजोबा नव्हते, असतीलच, असे मानण्याइतका मी भोळा नव्हतो. शेजारी दहा-बारा वर्षांचा एक मुलगा उन्हात डोळे बारीक करून बसला होता. त्याला पाने दिली, टोपी करून दिली. त्याने विचारले, "काका, तुम्ही कोणाकडून?" मी सांगितले, "महाराष्ट्राकडून." एवढ्यात आमचा सलामीचा फलंदाज झेल देऊन परतला आणि मी दिलेली टोपी हवेत फेकून ते पोर आनंदाने नाचू लागले. मी टाळी वाजवली नाही.