दुसरं नाव

आमचं उदगीर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होतं. त्यामुळे आसपासच्या खेड्यांत कित्येकांच्या ट्रंकेच्या तळाशी निजामकाळातला उर्दू कागद असतो, पण तो वाचणारं घरात कुणी नसतं. २०२३ मध्ये न्या. शिंदे समिती कुणबी नोंदी शोधू लागली, तेव्हापासून तहसीलला आलेले लोक माझ्या शाळेतही डोकावतात. "सर, एवढं वाचा की."

मुलांना उर्दू शिकवणं सोपं. हे हस्ताक्षर शिकस्ता; नुक्ते गायब, अक्षरात अक्षर अडकलेलं. अब्बांनी चहा संपायच्या आत वाचलं असतं, मला तास लागतो.

मागच्या पावसाळ्यात एक शेतकरी आला. कुणबी शब्द कागदात नव्हताच. जमिनीपुढे मात्र दोन नावं होती, एक त्याच्या आजोबांचं, दुसरं भावकीतलं.

"दुसरं नीट लागत नाही म्हणा ना, सर."

लागत होतं. दोन्ही नावं मी मराठीत लिहून दिली. चहा न घेताच तो उठला.

आठवड्याने परत आला, सोबत भावकीतला म्हातारा. म्हणाला, "यांनाही वाचून दाखवा."