कल्हई आणि विलेपन

मध्यंतरी चार दिवस गावी, चकलांब्याला, गेलो होतो. पुतण्याही सुटीवर आला होता. तो कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकतो. धातूंच्या ऑक्साइडांचे पातळ थर फवारून वा द्रावणात बुडवून तयार करण्याची तेथे काही दशकांची परंपरा आहे. त्याच्या प्रकल्पाचा विषय, सेंद्रिय सौर घटांसाठी असे थर द्रावणातून बनवणे. सामान्य वाचकासाठी लिहिलेला मराठी सारांश त्याने माझ्यापुढे ठेवला. जवळजवळ वीस वर्षे मराठी शिकवणारा माणूस अशा वेळी जे करतो तेच मी केले. आशय समजून घेण्याआधी शब्दांना हात घातला. "काचेवर जस्ताचे द्रावण सारवतात" असे एक वाक्य होते. मी 'सारवतात' खोडून वर लिहिले, 'विलेपन केले जाते'. तो काही बोलला नाही.

संध्याकाळी ओसरीवर आईने त्याला विचारले, "तिकडं नेमकं करतूस काय रं तू?" सेंद्रिय सौर घट, असे त्याने सांगताच ती म्हणाली, "सेंद्रिय म्हंजी शेणखतावरचं?" आम्ही हसलो खरे, पण तिचे काय चुकले होते? तिच्या जगात त्या शब्दाला तोच एक अर्थ होता. मग तो म्हणाला, "आजी, आपण पितळेच्या भांड्याला कल्हई लावायचो ना, तसलंच काम आहे."

पुढचा अर्धा तास मीही विद्यार्थ्यासारखा ऐकत होतो. शेतात सौर पंपाशेजारी दिसतात ती पॅनेल सिलिकॉनची. सेंद्रिय घटात सिलिकॉनच्या जागी कार्बनी पदार्थांचा, शाईसारखा पसरता येणारा थर असतो. चिंग टँग यांनी १९८६ साली दोन थरांचा असा घट जगापुढे मांडला तेव्हा त्याची कार्यक्षमता जेमतेम एक टक्का होती; आज प्रयोगशाळेतल्या लहान घटांनी एकोणीस टक्क्यांची मजल ओलांडली आहे. उन्हाने या थरात ऋण आणि धन असे दोन्ही विद्युतभार सुटतात. ते भलत्या टोकाला गेले तर वीज वाया जाते. म्हणून मध्ये जस्त, टायटॅनियम किंवा कथील यांच्या ऑक्साइडाचा थर देतात. तो इलेक्ट्रॉनांना वाट देतो आणि धनभारांना अडवतो.

पितळेच्या पातेल्यात ताक कळकते, म्हणून आत कथलाचा हात फिरवायचा, हे आईला ठाऊक होते. कल्हईतले कथील आणि पितळेतले जस्त प्रयोगशाळेत ऑक्साइड होऊन भेटतात, याची तिला मोठी गंमत वाटली. उपमा अपुरी आहे, हेही त्यानेच सांगितले. कल्हई वितळलेल्या धातूची असते आणि ती फक्त अडवते. हा थर निवड करतो. शिवाय तो द्रावणातून येतो. झिंक ॲसिटेटच्या द्रावणाचे थेंब काचेवर टाकतात, काच मिनिटाला काही हजार फेऱ्यांनी फिरवतात, मग दोनशे अंशांच्या आसपास तापवतात. मागे उरते ते झिंक ऑक्साइड, केसाच्या जाडीच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतके. भिंतीला आपण चुन्याची निवळी लावतो. ती हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कठीण होते. तसेच हे. लावतो ते एक, उरते ते दुसरे.

आईने सगळे ऐकले आणि विचारले, "मंग किती दिस टिकतंय रं ते?"

पुतण्या गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, "आजी, सगळं अडलंय ते इथंच." सिलिकॉनच्या पॅनेलना पंचवीस वर्षांची हमी मिळते, सेंद्रिय घट तिथवर पोचलेले नाहीत. त्यातही उन्हातल्या अतिनील किरणांनी जस्ताचे ऑक्साइड चेतवले जाते आणि शेजारच्या सेंद्रिय थराचेच विघटन करू लागते. जो थर मदतीला ठेवला तोच घात करतो. म्हणून कोणी त्यावर आणखी एक पातळ लेप देतो, कोणी कथलाच्या ऑक्साइडाकडे वळतो.

शाळेची पायरी न चढलेल्या बाईने या शास्त्राचा सर्वांत अवघड प्रश्न विचारला होता. कल्हई झिजते, कल्हईवाल्याला पुन्हा बोलवावे लागते, हा तिचा आयुष्यभराचा अनुभव. 'विलेपन' ऐकून तिला हा प्रश्न सुचला असता का?

परिभाषेला माझा विरोध नाही. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले, कोश सिद्ध झाले, हे काम आवश्यकच होते. प्रबंधात नेमका शब्द हवा आणि तेथे 'विलेपन' योग्यच आहे. माझी चूक वेगळी होती. संस्कृत शब्द आला म्हणजे विचार अधिक नेमका झाला, असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात ओले काही पसरवायचे आणि वाळल्यावर त्याचा पातळ थर उरू द्यायचा, ही सारी क्रिया 'सारवणे' या शब्दात आधीपासूनच होती. ती माहीत असलेल्या मुलाच्या हातून मी ती काढून घेत होतो.

रात्री त्याचा कागद मागून घेतला आणि 'सारवतात' परत लिहिले. तो शब्द आता जागेवर आहे. पण इतक्या वर्षांत उत्तरपत्रिका तपासताना लाल शाईने असे किती शब्द खोडले असतील, आणि त्यांच्याबरोबर किती आज्यांचे प्रश्न, याचा हिशेब मला अजून लावता आलेला नाही.