वाय.डी., मामा आणि पेटी

मॅगझिनच्या मराठी विभागाची नोटीस बोर्डावर लागली आणि आमच्या रूमवर नेहमीची चर्चा सुरू झाली. एकाने प्रवासवर्णन लिहायचं ठरवलं (गोव्याची ट्रिप, दुसरं काय!), दुसऱ्याने अकरावीतल्या वहीतून चारोळ्या बाहेर काढल्या. मला म्हणाले, "तू तुझ्या पेटीवर लिही." मी म्हटलं, पेटीवर लिहायचं तर आधी वाय.डी.वर लिहावं लागेल. "मग लिही की! इथे कुणापासून लपलंय?"

तर मंडळी, म्हणून लिहितोय.

फर्स्ट इयरच्या बालगोपाळांसाठी आधी सांगतो. वाय.डी. म्हणजे इयर डाऊन. सेकंड इयर संपलं तरी फर्स्ट इयरचा एखादा विषय मागे राहिला असेल, तर थर्ड इयरला प्रवेश नाही. माझा एम-टू राहिला. तीनदा बसलो, तीनदा राहिला, तिसऱ्या वेळी ४ मार्कांनी. रिव्हॅल्युएशनला टाकला, 'नो चेंज' आलं. ही गोष्ट २०२३ च्या पावसाळ्यातली. वाय.डी. वाल्याला हॉस्टेल मिळत नाही, म्हणून ट्रंक उचलून गेटसमोरच्या चाळवजा बिल्डिंगमध्ये कॉट बेसिसवर गेलो. एका खोलीत चौघं. बाकीचे तिघं सकाळी साडेनऊला कॉलेजला जायचे आणि मी भिंतीकडे तोंड करून झोपून राहायचो.

खरी गोष्ट पुढेच आहे. घरी मी सांगितलंच नाही. बाबा एस.टी. वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहेत. त्यांनी थर्ड इयरच्या फीचे पैसे पाठवले आणि ते माझ्या खात्यात तसेच पडून राहिले. दर रविवारी आई विचारायची, "काय रे, अभ्यास जोरात ना?" आणि मी म्हणायचो, "हो, सबमिशन चालू आहे." एकदा तर प्रॅक्टिकलला काय केलं हेही रंगवून सांगितलं. फोन ठेवल्यावर घाम फुटायचा.

आधी मेसला जायला लाज वाटायची म्हणून मी जेवण टाळायचो. मग भूकच लागेना. रात्री तीन-तीनपर्यंत मोबाईल, दुपारी दोनला उठणं. डोक्यात जे विचार यायचे ते इथे लिहीत नाही. ज्यांना आलेत त्यांना ते माहीत आहेत.

सप्टेंबरमध्ये ऑफिसने सांगितलं की नो ड्यूजच्या फॉर्मवर वर्कशॉपची सही राहिली आहे. संध्याकाळी पाच वाजता मी कार्पेंट्री शॉपमध्ये गेलो. सगळे गेले होते. आपले मामा तेवढे एका कोपऱ्यात बाकावर वर्तमानपत्र पसरून बसले होते आणि समोर एक पेटी उघडी पडली होती. (मामांना तुम्ही सगळे ओळखता. ज्यांच्या कृपेने आपले सगळ्यांचे डव्हटेल जॉइंट 'बसले', तेच!) त्यांच्या गावच्या भजनी मंडळाची पेटी. उंदरांनी भाता कुरतडलेला, निम्मे सूर बंद. सुपरिटेंडेंट सरांच्या परवानगीने शॉप सुटल्यावर ते तासभर असली कामं करत.

मी फॉर्म पुढे केला. त्यांनी फॉर्मकडे पाहिलंच नाही. "हे धर जरा," म्हणाले आणि एक पितळी पट्टी माझ्या हातात दिली.

पेटीच्या आत काय असतं हे पाहिलंय कधी? वरचं सगळं काढलं की खाली ओळीने पितळी पट्ट्या असतात आणि प्रत्येकीवर एका टोकाला रिव्हेट केलेली पातळ जीभ. भात्यातली हवा आली की ती थरथरते आणि सूर येतो. मेकॅनिकलवाल्यांनो, ही आपलीच कॅन्टिलिव्हर! जिभेचं मोकळं टोक कानशीने किंचित घासलं की तिथलं वजन कमी होतं आणि सूर चढतो. मुळाशी घासलं की ताठरपणा कमी होतो आणि सूर उतरतो. जिभेखाली कचऱ्याचा एक कण अडकला तरी सूर गप्प. हे मी पुढे व्हायब्रेशनच्या पेपरात लिहिलंसुद्धा. त्या संध्याकाळी मात्र मला एवढंच कळत होतं की ब्लेडच्या कडेने ती जीभ अलगद उचलायची, खालची धूळ काढायची, आणि हात हलला तर पितळ वाकणार.

दुसऱ्या पट्टीनंतर तिसरी, मग चौथी. किती वेळ गेला कळलंच नाही. मामांनी एक पट्टी तोंडाशी धरून हवा ओढली आणि ती वाजली. इतके दिवस मुका असलेला एक गंधार! मामा म्हणाले, "बघ, बोलायला लागली." सव्वासात वाजले होते. दोन तास मी एकदाही एम-टूचा, बाबांचा किंवा फीच्या पैशांचा विचार केला नव्हता. गेल्या दोन महिन्यांत दोन मिनिटंही तशी गेली नव्हती. फॉर्मवर सही घ्यायची राहिलीच, म्हणून दुसऱ्या दिवशी परत गेलो. (सही चौथ्या दिवशी मिळाली. म्हातारा हुशार आहे.)

आठवड्याभराने त्या पेटीचा भाता बसला आणि मामांनी विचारलं, "वाजवणार का?" मी म्हटलं, मला काही येत नाही, आता विसाव्या वर्षी काय शिकणार. तर म्हणाले, "मग काय साठाव्या वर्षी येणार आहेस?"

शिकायला लागलो आणि पहिली अडचण डाव्या हाताची आली. उजव्या हाताने सा रे ग म काढायला जावं तर डावा भाता मारायचा विसरतो. भाता मारावा तर बोटं थांबतात. मामांचा सात वर्षांचा नातू कधीकधी शॉपमध्ये यायचा. तो मला म्हणायचा, "काका, असं नाही, असं." आणि धडाधड वाजवून दाखवायचा. आयुष्यात पहिल्यांदा कुणी 'काका' म्हटलं ते असं!

पण गंमत अशी की त्या 'ढ' असण्याचं मला काहीच वाटलं नाही. विचार करा, बालवाडीपासून आपण जे जे केलं त्याला मार्क होते. चित्रकलेलासुद्धा एलिमेंटरी-इंटरमीजिएटची ग्रेड. बारावीला टक्के, सी.ई.टी.ला पर्सेंटाइल, इथे सी.जी.पी.ए. ज्याला मार्क नाहीत असं एकही काम माझ्याकडे उरलं नव्हतं, त्यामुळे मार्क गेले तेव्हा सगळंच गेलं. पेटी चुकली तर कुणाचं काहीच बिघडत नव्हतं. फार तर मामा हसायचे.

एकदा मी तोंड पाडून बसलो होतो तेव्हा मामांनी आकाशवाणीची गोष्ट सांगितली. १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. का, तर हिच्यावर मींड येत नाही, हिच्या सुरांना आपल्या श्रुतींचा मेळ नाही. ती बंदी उठायला १९७१ उजाडलं. "एकतीस वर्षं नापास होती ही. गावोगावच्या भजनात, कीर्तनात, तमाशात वाजतच होती की नाही? आणि तू एका वर्षाला रडतोस!"

आता एक गोष्ट स्पष्ट लिहितो, नाहीतर कुणीतरी हा लेख वाचून गोळ्या बंद करून पेटी विकत घ्यायचा. मी नुसत्या पेटीने बरा झालो नाही. पेटीने एवढं केलं की पाच वाजता कुठेतरी जायचं म्हणून मी उठायला, आंघोळ करायला लागलो. मग बुधवारी येणाऱ्या कौन्सेलर मॅडमकडे जायची हिंमत झाली. त्यांनी डॉक्टरांकडे पाठवलं, काही महिने गोळ्याही घेतल्या. पेटीचं ऐकून मॅडम म्हणाल्या की याला त्यांच्या शास्त्रात नाव आहे, बिहेव्हिअरल ॲक्टिव्हेशन. आपण समजतो आधी मूड येईल, मग काम करू. नैराश्यात मूड येतच नाही. म्हणून उलटं करायचं. छोटं, ठरलेल्या वेळेचं काम आधी, मूड त्याच्या मागून आला तर येतो. ज्याला अगदीच कुणाशी बोलता येत नाही त्याने १४४१६ लक्षात ठेवावा. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, २०२२ मध्ये सुरू झाली, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

मॅडमनीच एका प्रयोगाबद्दल सांगितलं. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल युनिव्हर्सिटीत गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी ३९ प्रौढांना ४५ मिनिटं माती, मार्कर आणि कोलाजचं सामान देऊन हवं ते करायला सांगितलं. आधी आणि नंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसोल मोजलं. हे ताणाशी संबंधित हार्मोन. साधारण ७५ टक्के लोकांमध्ये ते उतरलं. हा निबंध २०१६ चा. आपण इंजिनिअर, त्यामुळे शंका येणारच. ३९ हे सॅम्पल केवढंसं, आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. कबूल. उरलेल्यांचं कॉर्टिसोल उतरलं नाही हेही कबूल. पण मला त्यातली वेगळीच गोष्ट आवडली. आधी कलेचा अनुभव असलेले आणि नसलेले यांच्यात त्या बाबतीत फरक दिसला नाही. म्हणजे चांगलं जमायलाच पाहिजे असं नाही!

हे मला आधी पटलं असतं तर पुढचा मूर्खपणा टळला असता. झालं काय, जानेवारीत मला भूप बऱ्यापैकी यायला लागला. काळी एक पट्टीत भूप म्हणजे चार काळ्या पट्ट्या आणि एक पांढरी, नवशिक्याला फार सोयीचा. कॉट बेसिसवाल्या मित्रांनी गॅदरिंगला माझं नाव देऊन टाकलं. आणि मी त्यात पडलो. 'वाय.डी. वाला पण स्टेज गाजवतो' हे सगळ्यांना दाखवायचं होतं. तीन आठवडे रोज तीन तास, घड्याळ लावून. किती वेळा बिनचूक आलं ते वहीत लिहायचो. मामा म्हणाले, "सबमिशन करतोयस का रे?" मी ऐकलं नाही. पुन्हा झोप जायला लागली. गॅदरिंगच्या रात्री स्टेजवर दुसऱ्याच आवर्तनात बोटं थिजली. मागच्या रांगांमधून "वन्स मोअर! वन्स मोअर!" सुरू झालं. तुमच्यापैकी काहीजण त्यात असाल. राग नाही, मी प्रेक्षकांत असतो तर मीही ओरडलो असतो.

महिनाभर शॉपकडे फिरकलो नाही. मामांनी निरोपही पाठवला नाही. मार्चमध्ये मेसच्या दारात भेटले, खिशातून कागदाची पुडी काढली, म्हणाले, "चार सूर आहेत, साफ करून आण." बस्स. गॅदरिंगचा विषय आजतागायत काढलेला नाही.

फाइनमनबद्दल वाचलं तेव्हा मला हेच आठवलं. चाळिशी उलटल्यावर या फिजिक्सवाल्याने चित्रकला शिकायला घेतली. झोर्थियन नावाच्या चित्रकार मित्राशी सौदा केला, एका रविवारी तू मला चित्र शिकव, पुढच्या रविवारी मी तुला फिजिक्स. फिजिक्सचं काही जमलं नाही, चित्रं मात्र आयुष्यभर चालली. आणि सही करायचा 'ओफे' या टोपणनावाने! माझ्या मते हे नाव बदलणं फार शहाणपणाचं. नोबेल मिळवलेल्या माणसालाही मार्कांपासून लपायला जागा लागत असणार.

घरची गोष्ट राहिली. ती दिवाळीतली, म्हणजे गॅदरिंगच्या आधीची. गावाला गेलो. पाडव्याच्या सकाळी बाबा अंगणात स्कूटरचा कार्बोरेटर उघडून बसले होते. मी शेजारी बसलो, जेट साफ करायला घेतला. हात कामात होते म्हणून असेल, बोलता आलं. सगळं सांगितलं. पैसे खात्यात आहेत हेही सांगितलं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग जेट माझ्या हातातून घेतला, उजेडाकडे धरून बघितला आणि म्हणाले, "चांगला साफ केलायस. कुणी शिकवलं?" संध्याकाळी आई रडली, बाबा दोन दिवस गप्प होते. निघताना स्टँडवर एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी आधी सांग."

एम-टू पुढच्या परीक्षेत सुटला, ४३ मार्क. त्यात पेटीचा काही वाटा नाही, एका ज्युनिअरने रोज दोन तास बसवून करून घेतला म्हणून सुटला. हॉस्टेल परत मिळालं. आता मी फायनल इयरला आहे. पेटी अजूनही बेताचीच येते.

रूम पार्टनर विचारतो, वेळ कुठून आणतोस? प्लेसमेंट, प्रोजेक्ट, ॲप्टिट्यूड... प्रश्न बरोबर आहे. मी रोज जातच नाही, आठवड्यातून तीनदा, पाऊण तास. रील्स बघण्यात याहून जास्त वेळ जातो, पण त्यावर लेक्चर देणार नाही, मीही बघतो. एवढंच की हल्ली लक्ष जातं. आमच्या एक मॅडम जेवणाच्या सुट्टीत स्टाफरूममध्ये क्रोशाचा रुमाल विणत असतात. दीड वर्षं तोच रुमाल आहे. पूर्वी वाटायचं, कधी संपणार? आता वाटतं, त्यांना तरी कुठे संपवायचाय.

मामा येत्या जूनमध्ये रिटायर होतायत. शॉपची किल्ली नव्या माणसाकडे जाईल, तो संध्याकाळी थांबू देईल की नाही माहीत नाही. मामांनी त्यांची जुनी पेटी हॉस्टेलला ठेवायचं कबूल केलंय, रेक्टर सर कॉमन रूममधल्या कॅरमशेजारी जागा देतो म्हणालेत. पालिताण्याचे सूर आहेत तिला, आवाज गोड आहे. वरच्या सप्तकातला धैवत मध्येच बसतो. तेव्हा भाता जोरात मारू नका, वरची फळी काढा, ब्लेड कॅरमच्या पावडरच्या डब्यात ठेवलेलं असेल.

हे लिहिता लिहिता पाच वाजत आले. आज एका सेकंड इयरच्या पोराला नो ड्यूजची सही हवी आहे म्हणे. मामांनी सांगितलंय, त्याला सहाशिवाय पाठवू नकोस, पेटी आधी उघडून ठेवू.