प्रिय टाइप-सी केबल, तुझ्या अंगावर दोन आकडे हवेत

प्रिय टाइप-सी केबल,



नात्यागोत्यात कुणाला लॅपटॉप किंवा मोबाईल घ्यायचा असला की मला फोन येतो. "कुठला घेऊ?" इथून सुरू झालेलं बोलणं रॅम, कॅमेरा, बॅटरी, हप्ते असं फिरत फिरत तासभर चालतं. तुझ्याबद्दल मात्र आजवर एकानंही आपणहून विचारलेलं नाही. साठ हजारांच्या लॅपटॉपसाठी चार दुकानं पालथी घालणारा माणूस तुला लोकलमधल्या फेरीवाल्याकडून घेतो, नाहीतर बिल होईपर्यंत काउंटरवर लटकणाऱ्या घोसातून ओढतो. मग काही दिवसांनी पुन्हा फोन येतो : "चार्जिंग फार हळू होतंय, बॅटरी गेली वाटतं." मी आधी केबल बदलून बघायला सांगतो. बऱ्याचदा तेवढ्यानंच काम होतं.

म्हणून हे पत्र तुला. घरात काय घेण्यासारखं आहे असं कुणी विचारलं, तर माझ्या यादीत पहिलं नाव तुझं असतं. पण तुझ्याबद्दल एक तक्रारही आहे, आणि ती तुझ्याच तोंडावर सांगायला हवी.

गेल्या वर्षी माझी भाची आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होती. सबमिशनच्या आदल्या रात्री साडेअकराला तिचा फोन आला. "मामा, नवी एसएसडी बिघडलीये. ये ना लवकर." गेलो. टेबलावर थर्माकोलचे तुकडे, कटर, अर्धवट चिकटवलेलं मॉडेल, आणि लॅपटॉपच्या पडद्यावर कॉपीची खिडकी : ९६ जीबी, अजून ४० मिनिटं. एसएसडीच्या खोक्यावर सेकंदाला हजार एमबी असं छापलेलं, आणि प्रत्यक्षात सेकंदाला चाळीसच जात होते. मी वायर हातात घेतली. ती तिच्या मोबाईलच्या चार्जरची होती, लांब, पांढरी, मऊ. एसएसडीबरोबर आलेली वीतभर काळी केबल "फारच आखूड आहे" म्हणून खोक्यातच राहिली होती. ती काढून लावली आणि कॉपी पुन्हा सुरू केली. दोन मिनिटांच्या आत सगळा डेटा पलीकडे. भाचीनं दोन्ही केबलांची टोकं टेबललॅम्पखाली शेजारी शेजारी धरली आणि बराच वेळ बघत राहिली. काही म्हणजे काही फरक दिसत नव्हता.

माझी तक्रार ती हीच. तुझं रूप एक, पण आतला पिंड वेगवेगळा, आणि बाहेरून ते कळायला काही मार्ग नाही.

टाइप-सीच्या जोडणीत २४ संपर्कबिंदू ठरवून दिले आहेत. पण प्रत्येक केबलमध्ये त्या सगळ्यांसाठी तारा ओढलेल्या असतात असं नाही. चार्जिंगसाठी म्हणून विकलेल्या बहुतेक केबलांत वीज वाहून नेणाऱ्या तारा असतात आणि डेटासाठी सन २००० च्या यूएसबी २.० एवढीच सोय, म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिट. वेगवान डेटाच्या तारांच्या जोड्या तिथे नसतातच. ही काही लबाडी नव्हे. कमी तारांमुळे केबल बारीक, मऊ, लांब आणि स्वस्त होते, आणि रात्री उशाशी मोबाईल लावायला तेवढी पुरते. आयफोन १५ प्रोचा पोर्ट सेकंदाला १० गिगाबिटचा आहे, पण त्याच्या खोक्यात यायची ती केबलसुद्धा ४८० मेगाबिटचीच. दोष केबलचा नाही. ती काय करू शकते हे तिच्या अंगावर लिहिलेलं नसतं, हा दोष आहे.

एरवी तू आलीस म्हणून किती बरं झालं, हे माझ्या पिढीला नीट ठाऊक आहे. नोकियाची जाड पिन, मग बारीक पिन, मग मिनी, मग मायक्रो. पाहुण्यांकडे गेलं की आधी "तुमच्याकडे बारीक पिनचा चार्जर आहे का?" हे विचारायचं. १९९६ साली यूएसबीचा पहिला आराखडा आला. तो घडवणाऱ्यांत इंटेलचे अजय भट्ट आघाडीवर होते, वडोदऱ्याच्या विद्यापीठात शिकलेले. त्यांच्या त्या चौकोनी टोकानं कीबोर्ड, माउस, प्रिंटर यांची वेगवेगळी भोकं मोडीत काढली. मात्र ते टोक उलटं की सुलटं हा घोळ वर्षानुवर्षं राहिला. ऑगस्ट २०१४ मध्ये तुझा आराखडा प्रसिद्ध झाला आणि तो घोळ संपला. अंधारात चाचपडत कशीही लाव, लागते. माझ्या आईला चाळिशीचा चष्मा न लावता मोबाईल चार्जिंगला लावता येतो, हे मला फार मोठं वाटतं.

आणखी एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. झिजणारा नाजूक भाग शक्यतो यंत्रातल्या पोर्टमध्ये न ठेवता केबलच्या टोकात ठेवावा, असा विचार तुझ्या रचनेत आहे. झीज व्हायची तर तुझी व्हावी, मोबाईलची नको. दहा हजार वेळा लावण्याकाढण्याचा हिशेब तुझ्या आराखड्यात धरलेला आहे. दिवसातून चारदा धरलं तरी साडेसहा वर्षांहून जास्त.

आता खरेदीचं. केबल घेताना दोनच गोष्टी विचारायच्या : किती वॅट आणि किती जीबीपीएस. पहिला आकडा विजेचा, दुसरा डेटाच्या वेगाचा. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, आणि लोकांचा गोंधळ नेमका इथेच होतो. साधी सी-टू-सी, म्हणजे दोन्ही टोकं टाइप-सी असलेली केबल ३ अँपिअरची. २० व्होल्टला ३ अँपिअर म्हणजे ६० वॅट. त्यापुढे जायचं तर केबल ५ अँपिअरची लागते आणि तिच्या टोकात एक इवलीशी ओळखचिप असावी लागते. ही चिप चार्जरला सांगते की मला एवढा भार पेलतो. चिप नसेल तर नीट बनवलेला चार्जर ३ अँपिअरच्या वर जातच नाही. शंभर वॅटचा चार्जर आणि साधी केबल अशी जोडी जमवली तर घात होत नाही, पण लॅपटॉप रखडत चार्ज होतो. २०२१ पासून ही मर्यादा ४८ व्होल्ट, ५ अँपिअर, म्हणजे २४० वॅटपर्यंत गेली आहे.

"मोठा चार्जर लावला तर मोबाईल जळेल का?" हा प्रश्न मला दर महिन्याला कुणीतरी विचारतंच. नाही जळत. माझ्या टेबलावर एक बोटभर मीटर आहे, चार्जर आणि केबलच्या मध्ये लावायचा. तो लावून मी हे कितीतरी जणांना दाखवलं आहे. मोबाईल जोडला की आकडा आधी ५ व्होल्टवर येतो, क्षणभर थांबतो आणि टपकन ९ वर जातो. त्या क्षणात दोघांचं बोलणं झालेलं असतं. चार्जरनं आपल्याजवळ काय काय आहे ते सांगितलं, मोबाईलनं हवं तेवढं मागितलं. त्याच चार्जरला लॅपटॉप जोडला की आकडा २० वर. मागणारा मागतो, देणारा तेवढंच देतो. असा मीटर काही शे रुपयांत मिळतो. घरात चार-पाच उपकरणं असतील तर जरूर घ्यावा, बॅटरी खराब की केबल खराब हा वाद तिथल्या तिथे मिटतो.

पण हे बोलणं सचोटीनं व्हायला केबल सचोटीची लागते. गूगलमधले अभियंते बेन्सन लेउंग २०१५ पासून स्वतःच्या खर्चानं टाइप-सी केबली विकत घेऊन तपासत होते आणि निष्कर्ष जाहीरपणे लिहीत होते. २०१६ च्या सुरुवातीला अशाच एका केबलमध्ये तारा उलट्या जोडलेल्या निघाल्या आणि तपासणीसाठीचा त्यांचा लॅपटॉप तिनं निकामी केला. पुढे ॲमेझॉननं नियमात न बसणाऱ्या टाइप-सी केबली विकायला मनाई केली. तू साधी तार नाहीस, यंत्राच्या जिवाशी तुझा संबंध आहे, हे मी या प्रसंगावरून शिकलो.

तर माझ्या मते एका घराला काय पुरे? सगळ्यात आधी ६५ वॅटचा, दोन-तीन तोंडांचा एक चांगला गॅन चार्जर. गॅन म्हणजे गॅलियम नायट्राइड. त्यात उष्णता कमी वाया जाते, म्हणून चार्जर मुठीत मावतो. बारीक अक्षरांत लिहिलेलं मात्र वाचून घ्यावं : दोन तोंडं एकदम वापरली की ६५ ची वाटणी होते. सॅमसंगचा फोन असेल तर चार्जरवर पीपीएस लिहिलेलं हवं, नाहीतर त्याचं सर्वांत जलद चार्जिंग सुरूच होत नाही. वनप्लस, ओप्पो, रिअलमी वापरणाऱ्यांनी खोक्यातला मूळ चार्जर आणि मूळ केबल जपून ठेवावी, कारण त्यांच्या जलद चार्जिंगची पद्धत वेगळी आहे. आणि चार्जर असो वा पॉवर बँक, भारतीय मानक ब्युरोची खूण आणि 'आर' अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असल्याशिवाय घेऊ नये. तो क्रमांक बीआयएस केअर या ॲपमध्ये टाकून खरा-खोटा बघता येतो. त्याला एक मिनिट लागतं.

केबल तीन घ्याव्यात. चार्जिंगसाठी २४० वॅटची, दोन मीटर लांब. लॅपटॉपपासून इअरफोनपर्यंत सगळं ती सांभाळते. दुसरी ४० जीबीपीएसची, पाऊण मीटर, एसएसडी आणि मॉनिटरसाठी. ती आखूडच असणार, कारण एवढा वेग लांब अंतरावर टिकवणं महाग पडतं, तेव्हा लांबीचा हट्ट धरू नये. तिसरी साधी, जुन्या चौकोनी टोकाची, दुसरं टोक टाइप-सी. ही कशाला? स्वस्तातले छोटे पंखे, ट्रिमर, टॉर्च पुष्कळदा सी-टू-सी केबलवर चार्जच होत नाहीत. टाइप-सी चार्जर समोर कुणीतरी आहे याची खूण पटेपर्यंत वीज सोडत नाही, आणि ती खूण पटवणारे दोन क्षुल्लक रोधक बनवणाऱ्यानं वाचवलेले असतात. जुना चौकोनी चार्जर असलं काही विचारत नाही, सरळ ५ व्होल्ट देतो. म्हणजे पंखा बिघडलेला नसतो. तो फेकू नका.

पॉवर बँक २०,००० एमएएचची पुरे. तिची ऊर्जा ७४ वॅट-तास भरते, विमानात हातातल्या सामानात चालणारी मर्यादा १०० ची आहे. लॅपटॉपला मॉनिटर जोडायला हब घेताना एचडीएमआयपुढे ६० हर्ट्झ लिहिलेलं बघावं. ३० वर माउस अडखळत चालल्यासारखा दिसतो.

दुकानाचं म्हणाल तर मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली. "वॅट किती, डेटा किती?" या प्रश्नाला जो दुकानदार न अडखळता उत्तर देतो, त्याच्याकडून घ्यावं. "सगळ्याला चालते हो," असं म्हणणाऱ्याकडून घेऊ नये. घरी आणल्यावर मी टोकाला चिकटपट्टी लावतो, चार्जिंगच्या केबलला पिवळी, डेटाच्या केबलला लाल. भाचीनंही आता तसंच केलं आहे.

आणि पिन सैल झाली म्हणून पोर्ट बदलायला जाण्याआधी मोबाईल बंद करून पोर्टमध्ये टॉर्च मारून बघा. खिशातला दोऱ्या-धुळीचा बोळा तिथे दाबून बसलेला असतो. लाकडी टूथपिकनं हलक्या हातानं काढला की पिन पुन्हा खट्‌कन बसते. सुई किंवा सिमची पिन घालू नका, मधली पट्टी नाजूक असते.

युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाईलला टाइप-सी सक्तीचं झालं. लॅपटॉपसाठी तारीख ठरली २८ एप्रिल २०२६. आयफोननं तर २०२३ मध्येच तुला पत्करलं. आपल्याकडे मानक ब्युरोनं टाइप-सीचं मानक आणलेलं आहे. तेव्हा आता तू घराघरात राहणार. यूएसबीचे नियम ठरवणाऱ्या संघटनेनं वॅट आणि वेग दाखवणाऱ्या खुणाही काढल्या आहेत. तरीही बाजारात तू बहुतेक वेळा कोऱ्या अंगानंच भेटतेस.

केबल बनवणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे : टोकावर दोन आकडे छापा, वॅट आणि जीबीपीएस. आणि घेणाऱ्यांनो, ते छापलेले नसतील तर ती केबल घेऊ नका.

तुझा,
रोजचा सोबती